देवकाबाईच्या मापाचा शर्ट

कापूस फुटला की मला राग येतो. इतरांचं वेगळं असतं. सिंदीहून वर्ध्याला जाणाऱ्या बसमधल्या कॉलेजच्या मुली खिडकीतून फोन बाहेर धरून पांढऱ्या शिवाराचे फोटो काढतात. माझा धाकटा भाऊ भास्कर सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून नुसता बघत राहतो आणि हातातला चहा निवून जातो. मला मात्र पहिलं बोंड उकललेलं दिसलं की आधी हातावरचे ओरखडे आठवतात, मग एक शर्ट आठवतो. त्या दिवशी माझ्या तोंडी कुणी लागू नये, असं घरातले सगळे एकमेकांना सांगून ठेवतात.

यंदाही तसंच झालं. उद्या सीतादही. वेचणी सुरू करण्याआधी वावरात खडे मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, चार शितं पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडांवर, उडवायची आणि मग पहिला कापूस वेचायचा, ही आमच्याकडची रीत. सुलभावहिनीनं, म्हणजे भास्करच्या बायकोनं, दही लावलं आहे. मी खुंटीवरचा माझा वेचणीचा शर्ट काढून झटकला. कफाच्या घडीत मागच्या हंगामाचा कापूस अजून चिकटून होता. वास वाळल्या पानांचा, उन्हाचा, जरासा फवारणीच्या औषधाचा. तेवढ्यानं तीन वर्षांपूर्वीचा हंगाम पुन्हा अंगावर आला.

कापसाला मऊ म्हणणारे लोक तो दुकानात बघतात. झाडावर तो चार पाकळ्यांच्या वाळक्या बोंडात बसलेला असतो आणि त्या पाकळ्यांची टोकं सुयांसारखी असतात. बोटांच्या चिमटीनं ओढायचा, कमरेला बांधलेल्या ओटीत टाकायचा, की पुढचं बोंड. हातमोजे चालत नाहीत, मोज्याला कापूस चिकटतो आणि चिमूट बसत नाही. बोटं उघडीच ठेवावी लागतात. निदान दंड-मनगट तरी वाचावेत म्हणून बायका लुगड्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. हा शर्ट नवऱ्याचा असतो. नवरा नसेल तर भावाचा, दिराचा, लेकाचा. आणि तो जुना असतो. कॉलर विरलेली, एखादं बटण उडालेलं, पाठीला ठिगळ. रस्त्यावरून पाहिलं तर गावातले सगळे पुरुषच वाकून वेचताहेत असं वाटावं. पुरुष असतात धुऱ्यावर.

माझ्या आईच्या शर्टाला बाबांच्या बिडीचा वास यायचा. खिशात काडीकचरा साठायचा, कारण खिसा छातीवर, आणि वाकलेल्या बाईच्या छातीवरचा खिसा म्हणजे नुसतं उघडं तोंड. खांदे ओघळून दंडावर यायचे. लांबी इतकी की ओटी बांधताना अर्धा शर्ट कमरेत कोंबावा लागे. बटणं लावताना ती रोज अडखळायची, कारण पुरुषांच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला. हे सगळं मी लहानपणापासून बघत होते. पुढे वर्ध्याच्या एका मुलींच्या शाळेत मी जन्मभर शिवण शिकवलं. झबली, परकर, फ्रॉक, सहा कळ्यांचा झगा शिकवला. समोर बसलेल्या निम्म्या मुली दिवाळीनंतर वेचणीसाठी शाळा बुडवायच्या आणि मी त्यांच्या हजेरीवर लाल रेघ ओढायचे. वेचणीचा शर्ट कसा बेतायचा हे एकीलाही शिकवलं नाही. रागावलेच आहे तर स्वतःवरही रागावून घेते.

त्या हंगामात भास्करची मुलगी, माझी भाची पल्लवी बी.कॉम. होऊन घरी बसली होती. बसली होती हे भास्करचं म्हणणं. ती फोनवर ऑनलाइन दुकान काढायचा कोर्स करत होती. त्यात माल आपल्याकडे यायचाच नाही. गिऱ्हाईक आपल्या दुकानात मागणार, आपण ती मागणी कारखान्याला कळवणार आणि कारखाना परस्पर पार्सल धाडणार. मला हे पटायला चार दिवस लागले. हाताला न लागलेलं कापड विकायचं म्हणजे काय? पण पल्लवीला आपल्या गावात राहून आपलं काही करायचं होतं, आणि ते ती ज्या उमेदीनं सांगत होती ती उमेद मला मोडवत नव्हती.

भास्करनं तिच्यासाठी पुण्यात ओळखीनं नोकरी बघून ठेवली होती. दिवसभर कानाला फोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. "आत्या, मले पुण्याले जायाचं नाई," ती मला म्हणाली. नळावर घागर भरता भरता म्हणाली आणि घागर भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. त्या हंगामात आमच्या घरात एवढा एकच प्रश्न होता, पोरगी राहते की जाते.

कोर्सचे सर फोनच्या काचेत राहत. मागे कोऱ्या पुस्तकांचं कपाट, कानाला यंत्र. ते म्हणत, दुकान सगळ्यांसाठी काढाल तर ते कुणाचंच राहणार नाही. एक कोपरा धरा, अगदी अरुंद. त्याला ते निश म्हणत. इथवर मला त्यांचं म्हणणं मान्य होतं. पुढे ते कोपरे सुचवू लागले की माझं टाळकं सरकायचं. कुत्र्यांचे स्वेटर. चंद्रासारखा दिवा. मान दुखणाऱ्यांची उशी. नोव्हेंबरात आमच्याकडची कुत्री अंगणात उन्हाला पोट करून पडलेली असतात, त्यांना स्वेटर कुणी घालायचा?

एकदा त्यांनी घरचा अभ्यास दिला. तुमचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणा, त्याचं नाव, वय, आवड, अडचण लिहा. नमुना म्हणून त्यांची एक स्नेहा होती. अठ्ठावीस वर्षांची, कॉफी आवडणारी, मांजर पाळणारी. ही स्नेहा मला आजवर कुठे भेटलेली नाही. पल्लवीनं कागद घेतला आणि लिहिलं, देवकाबाई.

देवकाबाई आमच्याकडे दरवर्षी वेचणीला येते. काडीसारखी बाई, पण तिच्या हाताला जो वेग आहे तो माझ्या शिवणयंत्राला नाही. पल्लवीनं लिहिलं, वय माहीत नाही, धाम नदीला मोठा पूर आला त्या साली लग्न झालं असं सांगते. आवड, धुऱ्यावरचं झेंडूचं फूल अंबाड्यात खोचून वेचायला लागते. अडचण, हात. खरेदी कुठे करते, याच्यापुढे तिनं दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, स्वतःसाठी करताना पाहिली नाही. आणि खाली निश म्हणून लिहिलं, वेचणाऱ्या बायकांचे शर्ट, बाकी काही नाही.

सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सगळ्या गटाला वाचता येईल असं. सहानुभूती आणि मागणी यांत फरक असतो. जिला हौस नाही, ती गिऱ्हाईक नाही. कुत्र्यांच्या स्वेटरचा विचार करा.

मी ते तीनदा वाचलं. जिला हौस नाही. कुणी मोजली होती हो तिची हौस? कानाला यंत्र लावलेल्या ज्या माणसाला बोंड कुठल्या बाजूनं उकलतं ते ठाऊक नाही, त्यानं सांगायचं की देवकाबाईला हौस नाही? मुळात हे सर एकटे नव्हतेच. दुकानदार तेच म्हणतात, टीव्हीवर साबण विकणारे तेच म्हणतात आणि माझा सख्खा भाऊही तेच म्हणाला.

"बायका वेचाले शर्ट घालते तं नवऱ्याचे घालते," भास्कर म्हणाला. "घरात पडलाच असते जुना. त्याले दुकान काऊन लागते?"

"बाबा, तुमच्या मापाचा हाय तो. आईच्या नाई," पल्लवी म्हणाली.

"वावरात कोन माप पाह्यते? असं कर. पऱ्हाटी उपटाच्या आंधी कापूस वेचणाऱ्या एका बाईनं, एकाच, स्वतःच्या अंगात घालाले तुह्या दुकानातून शर्ट मागवला, तं मी पुण्याचं नाव काढनार नाई. नाई तं मुकाट्यानं जाजो."

बोलणं तिथंच ठरलं. मला ते इतकं सोपं वाटलं की मी हसले.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. ओसरीत वर्तमानपत्रं पसरून मी कटिंग बेतलं. जन्मभर शिकवलेलं सगळं त्या एका शर्टात ओतलं म्हटलं तरी चालेल. खांदा नेमका, बगलेत सैल, म्हणजे हात लांब करताना ओढ बसत नाही. कफ मनगटाला धरून. कॉलर मानेवर उभी, उन्हासाठी. लांबी कमरेपर्यंतच, ओटीच्या वर. छातीवर खिसा नाही, त्याऐवजी बाजूला झाकणाचा. आणि बटणं बायकांच्या बाजूला, याबद्दल मी कुणाचं ऐकणार नव्हते.

माप हवं होतं म्हणून मी टेप घेऊन वावरात गेले. देवकाबाईला पऱ्हाटीत उभं केलं आणि खांदा मोजायला लागले तर ती लाजून आक्रसली.

"माप काऊन घेता, मास्तरीणबाई? मले काई शिवाचं नाई."

"दुकानासाठी घेते. तुझ्या मापावरून सगळे शर्ट निघतील."

"माह्या मापावरून?" ती म्हणाली, आणि मग तिनं हात असे बाजूला पसरून धरले की टेप गुंडाळून झाला तरी खाली घेतले नाहीत. आमच्या दुकानातलं सगळ्यात लहान माप ते देवकाबाईचं. त्यावर आणखी तीन मापं चढवली.

कटिंग आणि मापं पाठवली की एकेक नगही शिवून देणारा एक कारखानदार पल्लवीनं दक्षिणेत शोधला होता. नमुना आला तो मी उलटासुलटा केला, शिवण ओढून पाहिली, सूत जाळून वास घेतला. सुतीच होतं. चार छापे ठरवले. निळ्या चौकटी, हिरवी पानं, राखी रेघा आणि बारीक जांभळी फुलं. दुकान उघडलं. फोनच्या काचेत आमचे चार शर्ट ओळीनं लटकले आणि पल्लवीनं ते गावातल्या प्रत्येक सुनेच्या, लेकीच्या फोनवर पाठवले.

पहिला वेचा झाला, दुसरा झाला. एकही मागणी आली नाही. जेवणाच्या सुट्टीत बाभळीखाली बायका पल्लवीचा फोन हातोहात फिरवायच्या. काचेवर अंगठा फिरवून, जणू कापड चाचपताहेत. "बेस हाय वो," म्हणायच्या. पुढे एकच वाक्य. "पन नवं कापड वावरात घालते काय कोनी?" आणि नवऱ्याच्या शर्टाच्या बाह्या खाली ओढून पुन्हा ओळीत लागायच्या. पल्लवी हसून फोन परत घ्यायची. घरी आली की हसायची नाही.

पऱ्हाटी लाल पडायला लागली, बोंडं विरळ झाली. त्या दिवसांतलं ऊन मला आठवतं, थंडीतलं, तिरपं, कशालाच न तापवणारं. माळ्यावरून बॅग काढून पल्लवीनं ती पुसून ठेवली होती. आणि एका सकाळी तिचा फोन वाजला. देवकाबाईच्या सुनेच्या फोनवरून मागणी होती. नाव देवकाबाईचं. जांभळी फुलं. एक नग.

पल्लवी ओरडली नाही, नुसती खाली बसली. वहिनीनं देवापुढे साखर ठेवली. भास्कर म्हणाला, "बरं बावा, हारलो." मी फोन हातात घेऊन मागणी पुन्हा वाचली. त्यात मापही लिहिलेलं होतं. सगळ्यात मोठं माप. मी स्वतः मोजलेली बाई ती, एका शर्टात दोन देवकाबाई मावल्या असत्या. मी शिवणाची बाई, मला त्याच क्षणी कळलं. मी फोन परत दिला आणि गप्प बसले. पोरीचा चेहरा कितीतरी दिवसांनी तसा झाला होता, तो मीच कसा उतरवणार होते?

आठवड्यानं पार्सल देवकाबाईकडे पोचलं. दुसऱ्या दिवशी देवकाबाईचा नवरा सुखदेव कापसाची गाठोडी बैलगाडीत भरायला आला. जांभळ्या फुलांचा कोरा शर्ट घालून, घडीच्या रेघांसकट. शर्ट कमरेतच संपला होता आणि वरचं बटण उलट्या बाजूनं लावता न आल्यानं उघडंच होतं.

भास्कर दुष्ट नाही. तो हसला तेही दुष्टपणानं नाही. "पाह्य बेटा," तो पल्लवीला म्हणाला, "हे आलं तुह्या दुकानाचं गिऱ्हाईक." पल्लवीनं सुखदेवकडे पाहिलं, घरात गेली आणि बॅगेत कपडे ठेवू लागली.

माझा राग पायांतूनच निघाला. मी तशीच शेवटच्या वेच्याला वावरात गेले, देवकाबाईच्या ओळीत घुसले. ती सुखदेवच्या जुन्या राखाडी शर्टात वाकून वेचत होती. कोपरावर केवढं तरी भोक.

"तुझ्या मापाचा शर्ट होता, देवकाबाई. तुझ्या मापाचा. त्याच्यासाठी काऊन मागवला?"

ती सरळ उभी राहिली. हात वेचायचे थांबले नव्हते. "आंधी तो घालन. जुना झाला का मंग माह्याच हाय ना."

"जुना झाल्यावर कशाला? तुला नवा घालायला काय होतं? कुणी नको म्हटलं होतं?"

मी आणखी बरंच बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे, माझ्या गळ्यापासून कमरेपर्यंत पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "अन् मास्तरीणबाई, तुमच्या अंगात कोनाचा हाय?"

मी खाली पाहिलं. निळ्या चौकटींचा, खिशाला शाईचा डाग. भास्करचा. निवृत्त होऊन माहेरी राहायला आल्यापासून दर हंगामात तोच. पलीकडच्या ओळीत सुलभावहिनी होती, ती भास्करच्या रेघांच्या शर्टात. आणि घरी बॅग भरत असलेली पोरगी सकाळी वावरातून आली होती तीही बापाच्याच शर्टात, बाह्यांना दोन दोन घड्या घालून. दुकान आमचं, कटिंग माझं, बटणांच्या बाजूवरून भांडले मी. आणि दोन महिन्यांत आम्हा तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं की वेचणारी बाई आपणही आहोत. सरांवर, भास्करवर, दुकानदारांवर एवढी आग पाखडली होती मी. ती सगळी परत फिरून माझ्याच चौकटीच्या शर्टावर आली.

मी घरी गेले. पल्लवीच्या हातातली बॅग बाजूला केली, तिचा फोन घेतला आणि हिरव्या पानांचा शर्ट मागवला. माझ्या मापाचा. भास्कर दारात उभा होता.

"ताई, घरच्या ऑर्डरी धरत नसते."

"कापूस वेचणारी एक बाई म्हणालास. स्वतःच्या अंगात घालायला म्हणालास. घरची-बाहेरची म्हणाला नव्हतास. मी आले त्या वर्षापासून तुझा कापूस वेचते, की मी बाई नाही?"

तो काही बोलायच्या आत मागून वहिनी आली, ओटी सोडत. "मले बी एक सांगजो, पल्लवी," ती म्हणाली. "राखी रेघांचा. अन् तुमचे जुने आता मी गोधडीले लावते." शेवटचं वाक्य नवऱ्याला होतं. भास्करनं दोघींकडे पाहिलं, मग वहिनीच्या अंगातल्या आपल्या शर्टाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. संध्याकाळी त्यानं पुण्याला फोन करून पोरगी येत नाही म्हणून कळवलं. मला सांगितलं नाही, पण ओसरीतून मला सगळं ऐकू आलं.

दुकान अजून आहे. पल्लवीनं स्वतःलाही एक मागवला आणि आम्हा तिघींचा नव्या शर्टातला वावरातला फोटो टाकला, तेव्हापासून मागण्या येतात. समुद्रपूरकडून, यवतमाळकडून, कुठून कुठून. बायका मोठं माप मागवतात तेव्हा पल्लवी फोन करून विचारते, "कोनासाठी पायजे, काकू?" कधी मग पलीकडून लहान माप सांगितलं जातं. कधी नाही सांगितलं जात. शहरातल्या मुलीही मोठंच माप मागवतात, ढगळ शर्टाची फॅशन आहे म्हणून, आणि कपाटात ओळीनं लावतात. त्याचाही मला राग येतो, पण ती मागणी चालते म्हणून हे दुकान चालतं, तेव्हा मी तो गिळते.

आज दुपारी देवकाबाई उद्याच्या वेचणीचं विचारायला आली. लुगड्यावर जांभळ्या फुलांचा शर्ट. फुलं उडून गुलाबट झालेली, कॉलर विरलेली, खांदे दंडावर ओघळलेले. दोन वर्षं सुखदेवनं वापरून तो आता तिच्याकडे आला होता. माझ्या कपाळावर आठी चढलेली तिनं पाहिली असावी. ओसरीत बसता बसता तिनं सुटलेलं एक बटण न बघता लावलं.

"बटनं कसे बरोबर हाताले येते," ती म्हणाली. "आमच्या बुढ्याले दोन वर्सं जमले नाई. रोज शिंप्याले शिव्या."

"मग त्यानं सोडून द्यायचा होता," मी म्हणाले. माझा आवाज अजून चढलेलाच होता. "आणि एवढ्या मोठ्या बाप्याला जांभळी फुलं कशाला घेतलीस? निळ्या चौकटी होत्या की."

देवकाबाईनं फुलांवरून हात फिरवला.

"फुलं मी माह्याच पसंतीचे घेतलते, बाई," ती म्हणाली. "घालनार तं मीच होते ना."